निळ्या पियाल्याचा उभा छेद

३ मार्च

आजपासून संगणकावर वस्तू घडवायला शिकायचं ठरवलं आहे. कोणाला सांगायचं नाही. माहलियोला तर नाहीच. सुनेकडून शिकण्याची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही. शिवाय त्यात शिकण्यासारखं आहे काय? कोकंदच्या तंत्रशाळेत जन्मभर मी यांत्रिक चित्रकला शिकवली. कागदावरचा सपाट आकार बघायचा आणि डोळ्यांसमोर भरीव वस्तू उभी करायची. आता तेच काम यंत्र करतं म्हणे. करू दे.

कारण लिहून ठेवते, पुढे गैरसमज नको. काल जेवताना माझा मुलगा एल्योर म्हणाला, "ओयी, माहलियोला ताश्कंदहून विचारणा आली आहे. भांड्यांच्या कारखान्यात, डिझाइन विभागात. महिनाअखेरीला मुलाखत." मी म्हटलं, "छान. जा की." अगदी शांतपणे म्हटलं. पलोव खारट झाला होता तो आधीच झाला होता, त्याचा याच्याशी संबंध नाही.

सून गेली की मुलगाही जाणार. हे नुसतं नोंदवते आहे.

५ मार्च

योजना तयार. घरीच स्टुडिओ काढायचा. मी संगणकावर भांडी घडवायची, माहलियोने बाकीचं बघायचं, त्यावरून रिश्तानचे कुंभार साचे करतील. घरबसल्या काम मिळत असेल तर कोण कशाला ताश्कंदच्या धुरात जाईल? तिला अडवायचं म्हणून नव्हे. तिच्याच सोयीसाठी.

१२ एप्रिलला भिशी माझ्याकडे आहे. त्या दिवशी सगळ्या मैत्रिणींसमोर माझ्या हातचे सहा पियाले मांडायचे आणि स्टुडिओ जाहीर करायचा. नाव: 'खोसियत आणि सून'. आधी कोणाचं नाव हा वादच नाही, ते वयाने ठरतं.

नमुना म्हणून माझ्या नवऱ्याचा, तुर्गुनबॉयचा निळा पियाला घेतला. लग्नातल्या सहातला हा एकच उरला, तोही दोन ठिकाणी तारेचे टाके घालून जोडलेला. तो गेल्यापासून त्यातून कोणी प्यायलेलं नाही. तीन बोटांनी काठ धरायचा आणि चहा निवलेला असला तरी फुंकर मारायचा. माझ्या पेन्सिलींना टोक करून द्यायचा तेव्हाही अशीच फुंकर. आज कपाटातून काढला, पुसला. पुसायला वेळ लागला.

८ मार्च

महिला दिन. एल्योरने ट्यूलिप आणले. माहलियोने तिचा जुना लॅपटॉप दिला. म्हणाली, "ओयी, यावर तुमच्या मालिका बघा, पडदा मोठा आहे." बिचारी! तिला कुठे ठाऊक, त्यात तिचं घडणीचं सॉफ्टवेअर अजून तसंच आहे. मला मात्र पहिल्या मिनिटाला सापडलं. पडद्यावर त्याचं चित्र अगदी मध्यभागीच होतं.

११ मार्च

दोन आज्ञा समजल्या. एक ओढायची: सपाट आकार काढला की यंत्र त्याला टेबलाच्या खणासारखं पुढे ओढतं आणि जाडी येते. दुसरी फिरवायची: आकार एका आसाभोवती गरकन फिरतो, कुंभाराच्या चाकासारखा, आणि गोल वस्तू तयार होते.

पियाल्याची बाजू काढली. ओढली. पियाल्याच्या आकाराचं बिस्कीट झालं. सुरुवात म्हणून उत्तम. भिशीतल्या करामतची नात असती तर खाल्लं असतं.

१४ मार्च

आज फिरवलं. आस जरा लांब पडला असावा. मुलांना पोहायला शिकवताना कमरेला अडकवतात तसलं रिंगण तयार झालं. रिंगण म्हणून निर्दोष होतं. दोष आकलनाचा नाही, माउसचा आहे. तो माझ्या हाताला सवयीचा नाही, मी उभा जन्म पेन्सिल धरली.

उद्यापासून रोज दोन तास. पक्कं.

१७ मार्च

दोन तास झाले नाहीत, कारण भिशी करामतकडे होती. तिची नवी सून शहरात, वसतिगृहात वाढलेली. पोरीने माझ्यासमोर पियाला ठेवला तो काठोकाठ भरून! ऑयनिसाने नान मोडता मोडता हात आखडला. मी रुमाल सावरला, उठावं की बसावं कळेना. तेवढ्यात झुमराद म्हणाली, "जा बाई खोसियत, तुझी पाठवणी झाली. चपला घाल." सगळ्या हसल्या. करामत लाजून लाल. सुनेला आत नेऊन म्हणाली ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं: "अगं, पाहुण्याला दोन घोट घालतात. मग पुन्हा दोन घोट. पुन्हा पुन्हा घालायला मिळावं म्हणून! भरून दिला की उठा आता, असं होतं." पोर रडवेली झाली.

माझी माहलियो कशी घालते! बुडाशी निळं फूल झाकेल एवढाच. पियाला रिकामा व्हायच्या आत तिचा हात पुढे आलेला असतो. पाच वर्षांत मला कधी मागावा लागला नाही.

ते आठवून मला राहवलं नाही. सांगून टाकलं, पुढच्या भिशीला पियाले मी स्वतः संगणकावर घडवलेले असतील. झुमराद माझ्याच तंत्रशाळेत रसायन शिकवायची, तिला कोणाचं बरं बघवत नाही. म्हणाली, "खोसियत, तू अजून फोटो काढताना स्वतःचं नाक काढतेस." आणि वर, "सून ताश्कंदला चालली म्हणे तुझी?"

मी म्हटलं, "कोण म्हणतं चालली?"

२१ मार्च

नवरोझ. सुमलक, म्हणजे गव्हाच्या अंकुरांची खीर, रात्रभर ढवळून खांदा भरून आला, माउस धरवत नाही. ढवळताना मनात इच्छा धरायची असते. माहलियो कढईजवळ बराच वेळ उभी होती. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, "सांगितलं तर होत नाही, ओयी." मग खीर तळाला लागू नये म्हणून कढईत टाकतात तो खडाही वाटीत तिलाच मिळाला. ज्याला खडा मिळतो त्याची इच्छा फळते म्हणतात. माझी वाटी मी दोनदा खरवडली. या वर्षी खडे फारच थोडे टाकले होते.

२४ मार्च

संताप! पियाल्याचा उभा छेद काढला, डावी बाजू, उजवी बाजू, मधून आस. शास्त्रशुद्ध. यंत्र म्हणतं फिरवता येत नाही, आकार स्वतःलाच छेदतो. वर लाल अक्षरात म्हणतं, रेषा कुठेतरी जुळलेली नाही. मला! ज्या बाईने मुलांच्या वह्यांत केसभर फट दिसली तर पान फाडलं, तिला!

हे सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं त्यांना शाळेत चांगली बाई मिळाली नसावी. तसा लॅपटॉप उघडाच टाकून झोपायला चालले.

२५ मार्च, सकाळी

चमत्कार नव्हे, अपेक्षित होतं. लॅपटॉप उघडला तर डावी अर्धी बाजू नाहीशी आणि उजवीकडची फट बुजलेली. ही यंत्रं रात्रीत स्वतःला दुरुस्त करतात. किंवा मीच झोपायच्या आधी केलं असणार, हाताला सवय असते.

चहा घालताना माहलियोने विचारलं, "मालिका कशी चाललीय, ओयी?" मी म्हटलं, "कथा फिरतच नाही." तर म्हणते, "एकच बाजू धरा, दोन्ही धरल्या की अडकते." मालिकांतलं या मुलीला काही कळत नाही. पण बोलते गोड.

२८ मार्च

पुन्हा तेच. आस सरकला होता, सकाळी जागेवर होता. माझी प्रगती इतकी वेगाने होते आहे की मलाच ती घडताना दिसत नाही.

३१ मार्च

काल ती दोघं मुलाखतीला ताश्कंदला गेली. घर शांत. अंगण मीच झाडलं. चहा केला तो सवयीने मोठ्या किटलीत, निम्मा गुलाबाला घातला.

आज मात्र जिंकले. एकटीने! उजवी बाजू तयार होतीच. पण त्यात शास्त्र अपुरं वाटलं. छेदात जिथे माती कापली जाते तिथे तिरप्या रेषा मारायच्या असतात, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की इथे भिंत आहे आणि उरलेला भाग पोकळ. त्या मारल्या, एकेक. आणि काठाची मागची कड समोरून दिसते, ती दाखवायला वर एक आडवी रेष हवीच. पहिल्या वर्षाची मुलं ही रेष विसरायची आणि मी एक गुण कापायचे. तीही काढली. सगळं निवडलं. फिरवलं.

पियाला!

तोच. पोटाकडची तीच गोलाई, खाली पायाशी तोच आत घेतलेला वळसा. मी 'तुर्गुन' असं मोठ्याने म्हटलं असावं, कारण भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "काय हवंय, ओपा?" चष्मा पुसला. या दिवसांत धूळ फार.

माहलियोला वस्तू सगळीकडून फिरवून, वरून, खालून बघायची सवय आहे. ते कच्च्या माणसांनी करावं. समोरचं दृश्य बरोबर असेल तर वस्तू बरोबर, हे मी वर्गात पहिल्या दिवशी सांगायचे.

२ एप्रिल

बाजारातल्या साबिरजानकडे फाइल घेऊन गेले. लग्नाचे फलक छापतो, आता वस्तू छापायचं यंत्रही आणलंय. माझाच विद्यार्थी. पोट सुटलंय, टक्कल पडलंय, पण मला बघून खुर्चीवरून उठला तो मी जाईपर्यंत बसला नाही.

फाइल त्याने वरून, खालून फिरवून बघितली. मग म्हणाला, "बाई, हे शोभेचं आहे का?" मी म्हटलं, "पियाला आहे. पियाला दिसत नाही तुला?" म्हणाला, "दिसतो ना, बाई. दिसतो. आतून भरीव करू की जाळीदार?" मी म्हटलं, "साबिरजान, जाळीदार पियाल्यात चहा राहतो का?" म्हणाला, "नाही, बाई." "मग?" "भरीव करतो, बाई." पुढे काहीतरी म्हणायचं होतं त्याला. मी फक्त बघितलं. वर्गात बघायचे तसं. "तुम्ही काढलंय म्हणजे बरोबरच असणार," म्हणाला.

मुलगा सुधारला.

सहा सांगितले, निळे, प्लास्टिकचे. हे नुसते नमुने, मातीचे पुढे रिश्तानला होतील. प्रत्येक वेगळा कागदात बांधून, फीत लावून द्यायला सांगितलं.

५ एप्रिल

परत आली दोघं. माहलियोला नोकरी मिळाली.

मी अभिनंदन केलं. हलवा काढला. मग पाण्याचा तांब्या भरायला स्वयंपाकघराकडे गेले, तो भरलेलाच होता, पण गेले. आत माहलियो एल्योरला म्हणत होती, "ओयींना एकटं टाकून नाही जायचं मला. त्या 'छान, जा की' म्हणाल्या, पण कशा म्हणाल्या ते ऐकलंस ना? पलोव खाल्लास ना? त्या मनापासून जा म्हणतील तर जाईन. नाहीतर कळवून टाकू, येत नाही म्हणून." एल्योर म्हणाला, "ती मनापासून कधी म्हणणार?" तर म्हणाली, "मग नाही."

म्हणजे मी काही बोलले नाही की झालं.

मी काही बोलणार नाही. त्यात वाईट काय? स्टुडिओ तर आहेच.

८ एप्रिल

माहलियो अंगण झाडत होती. जर्दाळूचा बहर गळतोय. झाडलेली जागाच पुन्हा झाडत होती. मी खिडकीतून बघत होते. तिला हाक मारून सांगावंसं वाटलं, पण काय सांगावंसं वाटलं ते आठवत नाही. भिशीचा मेनू ठरवला.

११ एप्रिल

साबिरजानने खोकं पाठवलं. सहा पुड्या, सोनेरी फिती. हातात घेतलं तर वजन चांगलं भरलं. आजकाल एवढी मजबुती कुठे मिळते! उघडून बघायचा मोह आवरला. उद्या सगळ्यांसमोर पहिली पुडी माहलियो उघडेल. तिच्या चेहऱ्याकडे झुमराद बघेल. झुमरादच्या चेहऱ्याकडे मी बघेन.

१२ एप्रिल, सकाळी

साम्सा झाले. दस्तरखान अंथरलं. भाषण पाठ आहे. शेवटचं वाक्य: "या घरातून कोणी कुठे जायची गरज नाही."

१२ एप्रिल, संध्याकाळी

लिहिते आहे कारण लिहायची सवय आहे.

सगळ्या आल्या. खाणं झालं. मी खोकं मध्यभागी ठेवलं, उभी राहिले, आणि भाषणाच्या आधी पहिली पुडी माहलियोच्या हातात दिली. "तुझ्यासाठी, बाळा. आधी तू." तिने फीत सोडली, कागद उलगडला, पियाला दस्तरखानावर ठेवला.

सुंदर निळा. तुर्गुनबॉयची गोलाई. आणि काठोकाठ भरलेला. वरच्या कडेपर्यंत, सपाट, गच्च. निळं प्लास्टिक. आत जागाच नाही.

मला वाटलं आत काहीतरी ओतून पाठवलंय. झुमरादने उचलून उलटा केला. काही पडलं नाही. तिने नखाने टकटक केली. मला त्याच क्षणी ती आडवी रेष दिसली. कागदावर तिचा अर्थ मागची कड. यंत्राला वाटलं, झाकण. तिरप्या रेषांचा अर्थ त्याला कोणी शिकवलेलाच नाही. सगळं निवडलंत, सगळं भरलं.

करामतची सून त्या पियाल्याकडे बघत होती, तिनेच भरल्यासारखी. मग करामत हळूच म्हणाली, "काठोकाठ..." आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अगं खोसियत! केवढं मन तुझं! तोंडाने जा म्हणवेना म्हणून असं सांगितलंस?" मग सगळ्याच. ऑयनिसा म्हणाली तिच्या सासूने तिला माहेरीसुद्धा कधी सुखाने जाऊ दिलं नाही. कोणी नाक पुसलं, कोणी माझा दंड धरला. दारात एल्योर उभा होता, तोंड उघडं.

माहलियो माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ओयी, हा माझ्यासाठी? असा?"

तेव्हा झुमराद बोलली. चाळीस वर्षं ओळखते मला. पियाला खाली ठेवला आणि म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, खोसियतला पोकळ पियाला काढता येत नाही?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला दोनच गोष्टी म्हणता येण्यासारख्या होत्या. पहिली खरी होती. ती म्हटली असती तर माहलियो हसली असती, आणि राहिली असती. पुन्हा तेच अंगण झाडत.

मी म्हटलं, "यांत्रिक चित्रकलेची बाई आहे मी. माझी चूक कशी होईल? मुद्दाम केलाय."

माहलियोने वाकून माझे दोन्ही हात डोळ्यांना लावले. मनगटं ओली झाली. भाषण राहूनच गेलं.

जाताना झुमराद चपला घालता घालता म्हणाली, "शाबास. आता कॅमेरा नीट धरायला शिक, व्हिडिओवर रोज तुझं नाक बघेल ती." आणि एक पियाला मागून घेऊन गेली. कागदांवर वजन ठेवायला.

२६ एप्रिल

काल गेली. माहलियोने तिचा पियाला हातातल्या पिशवीत घेतला, सामानात टाकला नाही. मी वाटेसाठी नान बांधून दिली, आणखी एकीच्या कडेचा एक घास दोघांना तोडायला लावला, उरलेली इथे भिंतीवर टांगली आहे. परत येऊन संपवायची असते.

माझी तब्येत उत्तम. एक पियाला दाराला टेकू म्हणून लावला, वाऱ्याने हलत नाही. उरलेल्या तिन्हींचाही उपयोग सापडेल.

२७ एप्रिल

माहलियोचा फोन. नवीन जागा, खिडकी पूर्वेला, एल्योर चहा पांचट करतो. मग म्हणाली, "ओयी, मालिका संपली का?" मी म्हटलं, "कसली मालिका?" म्हणाली, "वरची आडवी रेष पुसा. तिरप्याही. पियाला पोकळ होईल."

म्हणजे सगळं ठाऊक होतं हिला! मी म्हटलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही 'मुद्दाम केलाय' म्हणालात ना. पियाल्याचं काय, तो कसाही झाला असता. ते मात्र तुम्ही स्वतः म्हणालात." मी म्हटलं, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

संध्याकाळी आडवी रेष पुसली, तिरप्या पुसल्या, फिरवलं. पोकळ! पहिल्यांदाच वरून बघितला. आत केवढी जागा होती. नवा निश्चय: असे सहा करून घ्यायचे आणि स्वतः ताश्कंदला न्यायचे. फाइल बंद करताना यंत्राने विचारलं, बदल जतन करायचे का. असल्या आगाऊ प्रश्नांना मी उत्तर देत नाही. लॅपटॉप मिटला.

२८ एप्रिल, सकाळी

उघडून बघितलं. आडवी रेष जागच्या जागी, पियाला पुन्हा काठोकाठ. थोडा वेळ वाट बघितली.

तुर्गुनबॉयच्या पियाल्यात चहा घेतला. दोन घोट घातले, प्यायले, मग स्वतःच उठून पुन्हा दोन घोट घातले.

घरात माणसं होती तेव्हा हे यंत्र जास्त हुशार होतं.